किशोरवयीन मुलांना भयाण कादंबऱ्या द्याव्यात का? माझे उत्तर आणि काही पुस्तके

सुट्टी जवळ आली की बारा ते सोळा वयाच्या मुलामुलींचे पालक मला पुस्तके सुचवायला सांगतात. मी निर्जन जागी अडकलेल्या मुलांच्या किंवा उद्याच्या बिघडलेल्या जगाच्या कादंबऱ्यांची नावे घेतली, की बहुतेकांचा चेहरा उतरतो. 'इतके भयाण कशाला, काहीतरी चांगले सांगा,' असे ते म्हणतात. या विषयावर जरा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

माझ्या मते या वयातल्या मुलांना अशा पुस्तकांची फार गरज असते. घरात येणारे दूध, नळाचे पाणी, डब्यातली पोळी या गोष्टी आपसूक येत नाहीत, त्या कुणाच्या तरी कष्टांतून येतात आणि कुणाच्या तरी वाट्याला येतच नाहीत, हे त्यांना याच वयात नीट उमगू लागते. म्हणून अशी कादंबरी निवडताना मी आधी एकच गोष्ट पाहते: तिच्यात अन्नपाण्याचा हिशोब चोख ठेवला आहे का? नायक दिवसेंदिवस धावतो, लढतो, पण काय खातो आणि कुठले पाणी पितो याचा पत्ताच नसेल, तर त्या पुस्तकातली मारामारी केवळ सजावटीची असते आणि ते बाजूला ठेवायला माझी हरकत नसते. ज्या पुस्तकात हा हिशोब पक्का असतो, त्यातली हिंसा मुलांना चेकाळून टाकत नाही. ती त्यांना विचारात पाडते.

सुरुवात गॅरी पॉल्सन यांच्या 'हॅचेट'ने करावी. १९८७ सालच्या या छोट्या कादंबरीत तेरा वर्षांचा ब्रायन एका लहानशा विमानातून वडिलांकडे निघालेला असतो, वाटेत वैमानिकाला हृदयविकाराचा झटका येतो आणि विमान कॅनडाच्या जंगलातल्या एका तळ्यात कोसळते. जवळ उरते ती आईने दिलेली एक कुऱ्हाड. पुढचे ५४ दिवस तो तिच्या आधाराने काढतो. यातला विस्तव पेटवण्याचा प्रसंग मी मुलांना नेहमी मोठ्याने वाचून दाखवते. रात्री गुहेत शिरलेल्या साळिंदरावर त्याने कुऱ्हाड फेकलेली असते, ती दगडावर आपटून ठिणग्या उडालेल्या असतात, आणि याच ठिणग्यांतून विस्तव मिळेल हे त्याला दुसऱ्या दिवशी सुचते. वाळलेले गवत पेटत नाही, काटक्या पेटत नाहीत, म्हणून तो खिशातली वीस डॉलरची नोट फाडून तिचे तुकडे ठिणग्यांखाली धरतो. नोटही पेटत नाही. अखेर बर्च झाडाच्या सालीचे केसांसारखे बारीक धागे काढून त्यांचा गोळा केल्यावर आणि त्यावर हलकी फुंकर घातल्यावर ज्वाळ उठते. पैशाचा तिथे काहीच उपयोग नाही, हे लेखक कुठेही सांगत बसत नाही. मुलांना ते बरोबर कळते. शेवटी सुटका झाल्यानंतरही ब्रायन किराणा दुकानात नुसता उभा राहून मांडलेल्या खाद्यपदार्थांकडे पाहत राहतो, हा तपशील मला सगळ्या साहसांपेक्षा मोलाचा वाटतो.

एकट्या मुलाच्या भुकेची गोष्ट वाचून झाली, की मग भूक मुद्दाम वाटणाऱ्या राजवटीची गोष्ट हाती द्यावी. सुझान कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' (२००८) ही कादंबरी अनेक पालकांना केवळ तिच्या चित्रपटामुळे ठाऊक आहे आणि मुलांनी मुलांना मारण्याचा खेळ एवढेच त्यांच्या डोक्यात राहिले आहे. पण पुस्तकाचा कणा त्या चिठ्ठ्यांच्या हिशोबात आहे. या खेळात कुणाला उतरवायचे ते ठरवणाऱ्या सोडतीत बारा ते अठरा वयाच्या प्रत्येकाचे नाव दरवर्षी जाते. घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठ्या टाकण्याच्या बदल्यात एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल इतके धान्य आणि तेल मिळते, आणि या चिठ्ठ्या वर्षागणिक साठत जातात. आमच्या वाचनगटातल्या आठवीच्या एका मुलीने हे गणित वहीत मांडले होते. नायिका कॅटनिस, तिची आई आणि धाकटी बहीण अशा तिघींसाठी तीन जादा चिठ्ठ्या आणि मूळची एक, म्हणजे वर्षाला चार, आणि बाराव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत पाच वर्षे, म्हणजे वीस. कादंबरीत आकडा वीसच आहे. मोठ्या कुटुंबाचा भार वाहणाऱ्या तिच्या अठरा वर्षांच्या मित्राच्या, गेलच्या नावाच्या चिठ्ठ्या बेचाळीस होतात. सोडत सर्वांसाठी सारखी आहे असे वरवर दिसते आणि गरिबाचे नाव निघण्याची शक्यता मात्र कितीतरी अधिक असते, ही गोष्ट त्या मुलांना नागरिकशास्त्राच्या धड्यापेक्षा या वहीतल्या गणिताने अधिक स्वच्छ समजली, असे मी खात्रीने सांगते. २०१४ साली थायलंडमध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यावर याच कथेतली तीन बोटांची खूण निदर्शकांनी निषेधासाठी उचलली आणि त्याबद्दल लोकांना ताब्यात घेण्यात आले, हेही मुलांना जरूर सांगावे.

लोइस लाउरी यांची 'द गिव्हर' (१९९३) वरून अगदी उलटी दिसते, कारण तिथे कुणीच उपाशी नाही. जेवण घरपोच येते, हवामान नेमून दिलेले आहे, मुलांचे व्यवसाय बाराव्या वर्षी ठरवून दिले जातात, आणि रंग कुणालाच दिसत नाहीत. मात्र भुकेची आठवण या समाजाने एकाच माणसाकडे साठवून ठेवलेली असते. अधिक मुले जन्माला येऊ द्यावीत का, असा प्रश्न निघतो तेव्हा समिती त्याचा सल्ला घेते, आणि त्याला आठवते ती भूक. इतरांना ते दुःख ठाऊकच नसल्यामुळे निर्णयाचा भार त्या एकट्यावर पडतो. पालकांनी हे पुस्तक आधी स्वतः वाचावे. एका तान्ह्या बाळासंबंधीचा त्यातला प्रसंग हळव्या मुलांना जड जातो आणि त्याविषयी बोलायला घरात कुणीतरी असायला हवे.

निर्जन बेटावर अडकलेल्या मुलांची विल्यम गोल्डिंग यांची कादंबरी 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' मात्र पंधरा-सोळा वर्षांच्या आधी देऊ नये, आणि दिली तर तिच्यासोबत एक खरी हकीकत आवर्जून सांगावी. १९६५ साली टोंगा देशातल्या एका निवासी शाळेतली सहा मुले होडी घेऊन पळाली, वादळात सापडली आणि 'आता' नावाच्या निर्मनुष्य बेटाला लागली. तिथे ती पंधरा महिन्यांच्या आसपास राहिली. पोकळ केलेल्या खोडांत त्यांनी पावसाचे पाणी साठवले, कामाच्या पाळ्या लावल्या, विस्तव विझू दिला नाही, आणि एकाचा पाय मोडला तेव्हा काठ्या बांधून तो नीट बसवला. १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन कप्तानाने त्यांना सोडवले. गोल्डिंग यांची कादंबरी थोर आहे, पण बेटावर अडकलेली मुले एकमेकांच्या जिवावरच उठतात हा समज एवढ्या एका पुस्तकावरून मुलांच्या मनात पक्का होऊ नये.

ज्यांच्या मुलांना इंग्रजी वाचन अजून जड जाते त्यांच्यासाठी मराठीत जी. ए. कुलकर्णी यांनी आणलेले कॉनराड रिक्टर यांचे 'रान' आहे. ओहायोच्या घनदाट अरण्यात येऊन राहिलेल्या कुटुंबातली आई मरते, धाकटी मुलगी जंगलात हरवते, बाप निघून जातो आणि थोरली सेवर्ड भावंडांना घेऊन घर चालवते. भाषा सावकाश वाचावी लागते, पण चौदा वर्षांची मुलगी ती वाचू शकते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'देखील मी याच यादीत धरते, कारण शेवटी दुष्काळ अख्खे गाव उठवतो तेव्हा उद्याचे बिघडलेले जग माणदेशात केव्हाच येऊन गेले होते हे दिसते.

शेवटचे नाव नील आणि जॅरोड शुस्टरमन या पितापुत्रांच्या 'ड्राय'चे (२०१८). दक्षिण कॅलिफोर्नियातले नळ एके दिवशी कोरडे पडतात, दुकानातल्या बाटल्या संपलेल्या असतात आणि सोळा वर्षांच्या अलिसाला बर्फ विकत घेऊन तो वितळवण्याची युक्ती सुचते. तिथून पुढे शेजारीपाजारी एकमेकांशी कसे वागू लागतात ते वाचताना मला लातूर आठवत राहिले. २०१६ च्या मार्चमध्ये तिथल्या पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे गेली होती. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली मुले आता पंचविशीच्या आसपास आहेत. रांगेतले नंबर, टँकरची वेळ, कुणाला किती हंडे मिळाले आणि कुणाला परत जावे लागले, हे सगळे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्यापैकी कुणी तेरा वर्षांच्या वाचकासाठी मराठीत ती कादंबरी लिहीत असेल, तर आमचा वाचनगट तिचे हस्तलिखित वाचायला आनंदाने तयार आहे.