तिरंग्याचे रंग धर्मांत वाटू नका
आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज आता भाच्याच्या १५ ऑगस्टच्या भाषणात शिरलाय, म्हणून लिहितोय. त्यात काय, तर केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकीच्यांचा. चक्राचे २४ आरे म्हणजे २४ सद्गुण. आणि फाटका झेंडा जाळला की थेट जेल.

पहिला मुद्दा सगळ्यात वाईट. आठवीतलं पोरगं माइकवरून सांगणार की हा पट्टा आमचा, तो त्यांचा, आणि समोर त्याच्याच वर्गातली 'त्यांची' मुलं बसलेली असणार. अर्धं खरं आहे, तेवढं मानतो: १९२१ साली गांधीजींनी रंगांचा अर्थ असाच लावला होता. पण तेव्हा झेंड्यात केशरी नव्हताच, लाल होता, आणि ती वाटणीच पुढे नडली, शीख म्हणाले मग आमचाही रंग घाला. म्हणून १९३१ ला काँग्रेसने सात जणांची कमिटी नेमली, त्यात मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, आपले काका कालेलकर, आणि या कमिटीने सुचवलं काय माहितीये? अख्खा झेंडा एकाच केशरी रंगाचा, त्यावर चरखा! केशरी फक्त हिंदूंचा असता तर आझाद ज्या कमिटीत होते तिने हे सुचवलं असतं का? ते पास झालं नाही, पण त्याच ऑगस्टमध्ये मुंबईत तिरंगा ठरवताना स्पष्ट सांगितलं गेलं की हे रंग गुणांचे आहेत, जातीधर्मांचे नाहीत. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत ठराव मांडताना नेहरूही तेच बोलले, आणि राधाकृष्णन यांनी केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे सत्याचा प्रकाश, हिरवा म्हणजे माती आणि झाडंझुडपं असा अर्थ सांगितला. त्या दिवसाची सगळी चर्चा छापील आहे, नेटवर फुकट मिळते, फॉरवर्ड करण्याआधी कुणीतरी उघडून बघा ना.

२४ सद्गुणांची यादी त्या ठरावात नाही. चक्र सारनाथच्या सिंहस्तंभावरचं घ्यायचं, एवढंच आहे.

आणि जाळण्याचं. गुन्हा आहे तो चारचौघांत अपमान म्हणून जाळणं, १९७१ च्या कायद्याने ३ वर्षांपर्यंत कैद. पण झेंडा फाटला, खराब झाला तर तो खासगीत, मान राखून, शक्यतो जाळूनच नष्ट करावा असं २००२ ची ध्वजसंहिताच सांगते. फाटका झेंडा फडकवत ठेवायला मात्र मनाई आहे. शेजारच्या काकूंच्या गॅलरीत तोच प्रकार, कडा उसवून चिंध्या लोंबतायत आणि जेलच्या भीतीने त्या हात लावत नाहीत. त्यांना संहितेतलं ते कलम वाचून दाखवलं, उद्या उतरवतोय.