उजव्या चपलेचा पंचनामा

परवा संध्याकाळी आमच्या दारात माझा पंचनामा झाला. तसा तो एका चपलेचा होता, पण कागदावर पहिलं नाव माझं आहे, चप्पल बरीच खाली येते.

घटना एवढीच की भिंगरीने समोरच्या आप्पांची उजवी चप्पल खाल्ली. भिंगरी म्हणजे औशाकडच्या मित्राच्या शेतातल्या आखाड्यावरून आणलेलं पिल्लू. वय चार महिने, रंग तांबडा, शेपटीचं टोक पांढरं. आणि आप्पा म्हणजे निवृत्त तलाठी. निवृत्तीचा आदेश निघाला, पण तो त्यांनी अजून वाचलेला दिसत नाही.

दुसरा कुणी असता तर दोन शिव्या घातल्या असत्या, मी नवी चप्पल आणून दिली असती, विषय मिटला असता. आप्पा ओरडलेच नाहीत. आत गेले, चष्मा लावून आले. हातात पुतण्याच्या लग्नाची उरलेली पत्रिका. तिची मागची बाजू कोरी होती. मग खुर्ची मागवली, तीही माझ्याच घरातून.

चप्पल ओट्यावर पडली होती. अंगठा मुळासकट गायब, पुढचा पट्टा चघळून लांबलेला, टाचेवर बारीक खड्ड्यांची रांग आणि सगळ्यावर अजून ओली लाळ. आप्पांनी हात न लावता पेनाने ती उलटी केली, वरून वीत धरली, बोटं मोजली.

"नाव सांगा."

"आप्पा, माझं नाव माहितंय की तुम्हाला."

"मला माहितंय. कागदाला माहीत नाही."

सांगितलं.

"वाण कोणता?"

"गावठी."

"सुधारित नाही?"

"सुधारायचं चालूय."

"वय?"

"चार महिने."

"म्हणजे खरिपातलं," असं पुटपुटत त्यांनी लिहिलं. मग चपलेकडे एक डोळा बारीक करून पाहिलं. "बाधित क्षेत्र 40 टक्के."

मीही लातूरचाच. अतिवृष्टीच्या बातम्या वाचतच मोठा झालेलो. म्हटलं, "आप्पा, जोडी एक धरा. एका चपलेचं 40, म्हणजे जोडीचं 20. नुकसान 33 टक्क्यांच्या आत असेल तर मदत बसत नाही."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. त्या नजरेत माझ्याबद्दल पहिल्यांदाच थोडा आदर होता. "33 चा नियम 2015 चा. त्याच्या आधी 50 लागायचं. ते बरोबर बोललात. पण गट नंबर वेगळे आहेत ना. डावी वेगळी, उजवी वेगळी. दोन पायांचा एक सातबारा निघतो का कुठं?"

मी शेवटचा प्रयत्न म्हणून शास्त्राकडे वळलो. "तिला दात यायलेत, आप्पा. दुधाचे 28 पडतात, पक्के 42 येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात, मग समोर येईल ते चावतात. ह्यात तिचा दोष नाही." घरी मी त्याच्यासाठी ओल्या फडक्याला गाठ मारून ते फ्रीजरमध्ये ठेवतो. गार फडकं चघळलं की पिल्लाला बरं वाटतं. मटारशेजारी ते फडकं बघितलं की आमच्या घरात काय होतं, तो वेगळा विषय.

आप्पांचं पेन थांबलं. "म्हणजे नैसर्गिक आपत्ती म्हणता का?"

"हो," मी घाईने म्हणालो.

"मग मला शासनाकडं जावं लागंल. आणि शासन पिकाचं देतं, पडलेल्या घराचं देतं, दगावलेल्या जनावराचं देतं. चपलेचं देत नाही." जरा विचार करून ते म्हणाले, "मानवनिर्मित धरू." आणि धरलं.

"मालक कोण?"

हा प्रश्न त्यांनी पेन उचलून मोठ्याने विचारला, म्हणजे सगळ्या गल्लीला. आणि इथून पुढे मला हसू येत नाही.

आमच्या गल्लीत घरं कमी, होस्टेलं जास्त. कंधार, गंगाखेड, किनवट, कुठून कुठून पोरं नीटच्या क्लासला लातुरात येतात. रात्री दहाच्या सुमारास अभ्यासाने डोकी जड झाली की पायऱ्यांवर येऊन बसतात. त्यांना भिंगरी सापडली. घर सोडून आलेली पोरं, त्यात पिल्लू मांडीत येऊन झोपतं म्हटल्यावर मी काय बोलणार? शिवाय त्याचा फायदाही होता. साधारण तीन महिन्यांच्या आसपासपर्यंत पिल्लाने जेवढी माणसं, आवाज, गाड्या पाहिल्या तेवढं ते पुढे कमी घाबरतं. लसींचं वेळापत्रक सांभाळून मी तिला उचलून सगळीकडे फिरवलंच होतं. तिचा फाउंडेशन कोर्स आमच्या गल्लीत फुकट होत होता.

पण पोरांनी तिला उड्या शिकवल्या. म्हणजे शिकवल्या असं कुणी कबूल करणार नाही. ती अंगावर झेपावली की पोरं "आली गं माझी बाई ती" म्हणत तिला उचलायची, इस्त्रीवाले मामा ग्लुकोजचं बिस्किट द्यायचे, कोपऱ्यावरच्या काकू गालाला गाल लावायच्या. कुत्र्याचा हिशोब सरळ असतो, ज्यातून काही मिळालं ते पुन्हा करायचं. उडी मारल्यावर लक्ष मिळतं, मग उडीच मारायची. त्याला उपाय सोपा आहे. पाठ फिरवायची, बोलायचं नाही, बघायचं नाही. चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी कौतुक करायचं, दोन सेकंदांनीही उशीर नको. हे मी प्रत्येकाला समजावून सांगितलं. सगळ्यांनी "हो हो" म्हणून मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "आली गं माझी बाई ती."

मग एका गुरुवारी तीच भिंगरी काकूंच्या देवळात जायच्या नव्या साडीवर झेपावली. त्या दिवशी काकूंनी मला हाक मारली. "ओ भाऊ, *तुमच्या* कुत्रीला काही वळण लावा की!"

गालाला गाल लावताना ती गल्लीची. साडीचा धागा निघाला की माझी. बिस्किट खाताना गल्लीची, जुलाब झाल्यावर फडकं घेऊन उभा मी. फोटो काढताना सगळ्यांची, डॉक्टरचं बिल एकट्याचं. वळण लावायला सकाळ-संध्याकाळ मी खिशात भाजलेले चण्याएवढे चिकनचे तुकडे घेऊन हिंडतो, पँटला वास येतो, बँकेत शेजारचा कारकून खुर्ची सरकवतो. आणि वळण बिघडवायला अख्खी गल्ली पगाराविना राबते.

शी-शूचंही तेच. झोपेतून उठलं, खाल्लं, खेळून दमलं की लगेच बाहेर न्यायचं, ठरलेल्या जागी झालं की शाबासकी द्यायची. एवढं पाळलं की पिल्लू शिकतं. आप्पांचं मत वेगळं. "नाक घासा त्यात, एकदाच घासा, जन्मात करणार नाही." मी म्हटलं, आप्पा, त्याने पिल्लाला एवढंच कळतं की ह्या माणसासमोर मुतायचं नाही. मग ते सोफ्यामागे जाऊन मुततं. आप्पांना पटलं नाही. आणि लातुरात फरशी परत परत पुसणं ही काय चैन आहे हे बाहेरच्याला समजणार नाही. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं ह्या शहराला. आजही आमच्याकडे बादली भरताना माणूस जरा विचार करतो. त्यात सोफ्यामागची फरशी.

असो. मालक कोण, ह्या प्रश्नावर गल्ली गप्प होती. मामांनी इस्त्रीत कोळसे घातले. काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या अचानक वाढल्या.

"भोगवटादार म्हणून तुमचं नाव टाकतो," आप्पा म्हणाले.

"मग इतर हक्कात गल्ली टाका," मी म्हणालो.

"इतर हक्कात बोजा असतो, भाऊ. गल्लीचा काय बोजा आहे तुमच्यावर?"

काय बोजा आहे ते सांगायला पत्रिका पुरली नसती.

मग पंच हवे होते. एक मामा. दुसरा म्हणून आप्पांनी होस्टेलच्या पायरीवरून एका पोराला बोलावलं. किनवटचा, उंच, चष्मेवाला. आता हा पोरगा कोण? हाच रोज रात्री स्वतःची स्लीपर लांब फेकायचा आणि "आण, भिंगरे, आण" म्हणायचा. तिने तोंडात धरून आणली की टाळ्या. चप्पल ही धरायची, पळवायची आणि चघळायची वस्तू आहे हे ज्याने तिला पाठ करून घेतलं, तोच पंच! मी त्याच्याकडे रोखून बघितलं. तो आकाशाकडे बघत होता. "वरील मजकूर वाचून पाहिला, तो बरोबर आहे," असं आप्पांनी मोठ्याने वाचलं आणि त्या पोराने खाली सही ठोकली. सही आत्ताच डॉक्टरसारखी आहे, एक अक्षर लागत नाही. नीट निघणार बहुतेक.

ह्या सगळ्या वेळात भिंगरी कुठे होती? आप्पांच्या खुर्चीखाली. शांत. "बस" म्हटल्यावर बसते तशी, कुणी न सांगता. पंचनाम्यात ह्याची नोंद नाही.

दुसऱ्या दिवशी गंजगोलाईत गेलो. तिथे सोळा रस्ते येऊन मिळतात आणि आप्पांना हवी तशी चप्पल नेमकी मी शेवटी धरलेल्या रस्त्यावर होती. जोडी घेतली, कारण एकच चप्पल कुणी विकत नाही. जोडी नेऊन दिली आणि म्हटलं, आप्पा, पैसे पूर्ण जोडीचे गेले, तेव्हा तुमची ती जुनी डावी धड आहे ती द्या. भिंगरीला चघळायला होईल.

"असं कसं? गट नंबर वेगळे आहेत," आप्पा म्हणाले. "डावीचं नुकसानच झालं नाही, तर ती तुम्हाला कशी मिळंल? आणि भरपाई देणारा रान मागतो का कुठं?"

डावी अजून त्यांच्याकडेच आहे. वर पंचनाम्याची झेरॉक्स मला पाठवली आहे, पुतण्याच्या लग्नाच्या मुहूर्तासकट, आणि खाली पेन्सिलने लिहिलंय: नक्कल शुल्क येणे. देणार नाही. करा म्हणावं काय करायचं ते.