‘वर कळवलं होतं’ : पेन स्टेटच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना त्यातल्या काही गोष्टी पटल्या. त्यामुळे दोन ओळींत ‘मताचा आदर आहे’ वगैरे लिहून सुटका करून घेत नाही.

बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगते. पेन स्टेट हे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधलं विद्यापीठ. तिथल्या फुटबॉल संघाचा माजी साहाय्यक प्रशिक्षक जेरी सँडस्की लहान मुलांवर अत्याचार करत राहिला आणि ते दडपलं गेलं, असा माझा लेख होता. आता तुमचं म्हणणं. तुम्ही पेन स्टेटमध्ये शिकलात, पॅटर्नो लायब्ररीत रात्री जागवल्यात. तुमच्या मते जेरी सँडस्की या एका विकृत माणसाच्या गुन्ह्यांसाठी मी अख्खं विद्यापीठ आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांनी ऐकलं ते वर कळवलं आणि कायद्याला तेवढंच अपेक्षित होतं. एफबीआयचे माजी संचालक लुई फ्री यांनी विद्यापीठासाठी केलेला चौकशी अहवाल हा काही न्यायालयाचा निकाल नाही. शिक्षा भोगली ती २००१ साली प्राथमिक शाळेत असलेल्या पोरांनी. आणि शेवटी, ‘ताई, पुण्यात बसून तुम्हाला हॅपी व्हॅली काय कळणार?’ (पेन स्टेटच्या परिसराला लाडाने हॅपी व्हॅली म्हणतात.)

आधी माझ्या चुका. संघातला साहाय्यक मॅक्वीरी याने सँडस्कीचा शॉवरमधला प्रकार पाहिला तो मी २००२ साली असं लिहिलं होतं. ग्रँड ज्युरीच्या (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) पहिल्या कागदांत तेच वर्ष होतं, पण नंतर ते फेब्रुवारी २००१ असं दुरुस्त झालं. हे मला तपासता आलं असतं. दुसरं, मी ‘कट’ हा शब्द वापरला. मार्च २०१७ मध्ये ज्युरीने विद्यापीठाचे माजी अध्यक्ष ग्रॅहॅम स्पॅनियर यांना मुलांचं हित धोक्यात घातल्याच्या एका आरोपावर दोषी धरलं, पण कटाच्या आरोपातून सोडलं. पॅटर्नोंवर तर कधी आरोपच ठेवला गेला नाही; जानेवारी २०१२ मध्ये ते कॅन्सरने गेले. तेव्हा ‘कट’ हा शब्द माझा आगाऊपणा होता.

आता ‘वर कळवलं’ याबद्दल.

मी सव्वीस वर्षं एका महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरी केली. ‘वर कळवलंय’, ‘साहेबांच्या कानावर घातलंय’ ही वाक्यं मी जितक्यांदा ऐकली असतील तितक्यांदा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. ‘माहितीसाठी सादर’ असं लिहून फाइल वर जायची आणि ‘पाहिले’ असा शेरा, खाली आद्याक्षरं, होऊन परत यायची. सगळ्यांनी आपापलं काम केलेलं असायचं, फक्त काम झालेलं नसायचं. म्हणून हॅपी व्हॅली मला कळणार नाही हे कबूल, पण त्या गावातली ती फाइल मला चांगली कळते.

ती फाइल कशी फिरली ते पाहा. ९ फेब्रुवारी २००१, शुक्रवारची रात्र. फुटबॉल संघाच्या लॅश बिल्डिंगमधल्या शॉवरमध्ये माइक मॅक्वीरी हा तरुण साहाय्यक सँडस्कीला एका लहान मुलाबरोबर पाहतो. शनिवारी सकाळी तो पॅटर्नोंच्या घरी जाऊन सांगतो. रविवारी पॅटर्नो क्रीडासंचालक टिम कर्ली यांना सांगतात. मग ते गॅरी शुल्ट्झ यांच्यापर्यंत पोहोचतं. शुल्ट्झ विद्यापीठाचे वरिष्ठ उपाध्यक्ष, विद्यापीठाचे पोलीस त्यांच्याच अखत्यारीत. साधारण दहा दिवसांनी मॅक्वीरीला बोलावून विचारलं जातं. महिनाअखेर तिघांचं, म्हणजे कर्ली, शुल्ट्झ आणि स्पॅनियर यांचं, काय करायचं ते ठरतं, आणि त्यात राज्याच्या बालकल्याण खात्याला कळवणं हेही असतं. हो, ठरलं होतं. हा भाग मला सगळ्यात जास्त छळतो. त्यांना योग्य काय ते कळत नव्हतं असं नाही. त्यांनी ते कागदावर मांडलंही होतं.

मग २७ फेब्रुवारीला कर्ली ईमेल करतात: जास्त विचार केल्यावर आणि काल जो (पॅटर्नो) यांच्याशी बोलल्यावर हे पाऊल आपल्याला बरं वाटत नाही, आपण आधी सँडस्कीशीच बोलू. स्पॅनियर त्याला होकार देतात. निरोप ‘पोचला’ नाही आणि त्यावर काही झालं नाही, तर न कळवल्याबद्दल पुढे आपणच अडचणीत येऊ, एवढाच काय तो धोका, असं लिहितात, आणि हा मार्ग माणुसकीचा आहे असंही म्हणतात. माणुसकी कुणाशी, तर सँडस्कीशी. अडचणीत कोण येणार, तर आपण. त्या मजकुरात मुलगा कुठे आहे, सांगा.

त्या बोलण्यात पॅटर्नो काय म्हणाले याची नोंद नाही, आणि त्यांच्या कुटुंबाने फ्री अहवालाचं खंडन करणारा स्वतंत्र अहवाल २०१३ साली काढला, तोही मी वाचला आहे. ठीक. पॅटर्नोंचा मुद्दा बाजूला ठेवू. मग एकच प्रश्न उरतो आणि तो या साखळीतल्या प्रत्येकाला लागू होतो: तो मुलगा कोण होता, हे कुणी विचारलं का? दहा-बारा वर्षांचं पोर, रात्रीची वेळ, विद्यापीठाची इमारत. त्याचं नाव काय, तो घरी कसा गेला, त्याच्या आईला माहीत आहे का. कुणीही शोध घेतला नाही. अकरा वर्षांनी खटला उभा राहिला तेव्हाही तो ज्युरीपुढे आला नाही. कागदावर तो ‘पीडित क्रमांक दोन’ राहिला.

तुम्ही म्हणता, २००१ साली कुणाला काय कल्पना? १९९८ चं काय? तेव्हा एका आईने तक्रार केली होती की आपल्या अकरा वर्षांच्या मुलाबरोबर सँडस्कीने शॉवर घेतला. विद्यापीठाच्या पोलिसांनी चौकशी केली, सरकारी वकिलाने खटला भरला नाही, प्रकरण मिटलं. पण त्या दिवसांत शुल्ट्झ यांनी स्वतःच्या हाताने टिपण केलं होतं. त्यात त्यांनी विचारलं होतं की ही कुठल्या मोठ्या संकटाची सुरुवात तर नाही? आणि पुढे दोनच शब्द: ‘इतर मुलं?’ हा माणूस तीन वर्षांनी पुन्हा त्याच नावासमोर बसला होता. १९९९ मध्ये सँडस्की निवृत्त झाला तेव्हा त्याला एक लाख अडुसष्ट हजार डॉलर, मानद प्राध्यापकाचा दर्जा आणि विद्यापीठाच्या सोयी वापरण्याची मुभा मिळाली. २००१ नंतर त्याला इतकंच सांगितलं गेलं की मुलांना इथे आणू नकोस. म्हणजे जे करायचं ते आमच्या आवारात नको. (ते वाक्य लिहिणाऱ्याचा हेतू असा नसेल. पण त्याचा अर्थ दुसरा कोणता लावू?)

कायद्याचा तुमचा मुद्दा मात्र बरोबर आहे, आणि म्हणूनच तो गंभीर आहे. पेनसिल्व्हेनियात तेव्हा नियमच असा होता की संस्थेतल्या माणसाने संस्थेच्या प्रमुखाला सांगावं, पुढचं प्रमुखाने बघावं. म्हणजे ‘कानावर घालणं’ हेच कायद्याने कर्तव्य ठरवलं होतं. या प्रकरणानंतर तो बदलला आणि आता थेट राज्याला कळवावं लागतं. आपल्याकडे पॉक्सो कायदा याच सुमारास, १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला. त्याच्या कलम १९ मध्ये वरिष्ठ हा शब्दच नाही. ज्याला कळलं त्याने पोलिसांना सांगायचं. न सांगितल्यास कलम २१ खाली शिक्षा, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर जास्त, एक वर्षापर्यंत. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेच्या अध्यक्ष-सचिवांवर न कळवल्याबद्दलही गुन्हा नोंदला गेला, तो याच तरतुदीमुळे. कायदा चांगला आहे म्हणजे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. बदलापूरकरांना रेल्वे रुळांवर उतरावं लागलं, हे आपण दोघांनीही पाहिलं.

तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य होतं, ‘सफाई कामगारांनाही माहीत होतं म्हणता, मग ते का बोलले नाहीत?’ यावर मी जरा थांबणार आहे. २००० च्या शरद ऋतूत लॅश बिल्डिंगमध्ये रात्रपाळीला असलेल्या एका सफाई कामगाराने सँडस्कीला एका मुलावर अत्याचार करताना पाहिलं. तो कोरियाच्या युद्धात लढून आलेला माणूस, आणि तरी त्याने सहकाऱ्यांना सांगितलं की हे डोळ्यांपुढून जाणार नाही. त्यांच्यात बोलणं झालं, मुकादमालाही कळलं, आणि कुणीही तक्रार केली नाही. नोकरी जाईल अशी भीती होती. त्यांच्यातला एक पुढे चौकशीत म्हणाला की तक्रार करणं म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध जाण्यासारखं होतं.

आमच्या कार्यालयातले शिपाई आठवले. प्राचार्यांच्या केबिनमध्ये कोण किती वेळ बसलं, कुठली मुलगी रडत बाहेर आली, हे सगळ्यात आधी त्यांना कळायचं. आणि ते कुणाला सांगायचे? कुणालाच नाही. ज्याला अर्ज लिहून द्यायलाही दुसऱ्याची विनवणी करावी लागते तो कुणाविरुद्ध बोलणार? त्या सफाई कामगारांना मी दोष देऊ शकत नाही. पण मला त्यांच्या भीतीतून संस्था दिसते. सर्वांत खालच्या माणसाला वाटतं की कोचच्या माणसाविरुद्ध बोललो तर संपलो, आणि सर्वांत वरच्या माणसाला वाटतं की हे बाहेर गेलं तर आपण अडचणीत येऊ. मधल्या सगळ्यांना वाटतं की आपण वर कळवलंय. तुम्ही ज्याला ‘एक विकृत माणूस’ म्हणता त्याला इतकी वर्षं मोकळं रान मिळालं ते याच रचनेत. त्या फेब्रुवारीनंतरही, त्याच इमारतीत, आणखी एका मुलावर हात टाकला गेला.

शेवटी हे उघड झालं ते विद्यापीठामुळे नाही. २००८ साली दुसऱ्या गावातल्या एका शाळकरी मुलाच्या आईने आवाज उठवला, तक्रार बालकल्याण खात्याकडे गेली, तिथून तपास सुरू झाला. मार्च २०११ मध्ये ‘पॅट्रियट-न्यूज’ या वृत्तपत्राने ग्रँड ज्युरीच्या चौकशीची बातमी छापली. विश्वस्त मंडळाने तेव्हाही फारसं काही विचारलं नाही. २९ ऑक्टोबरला पॅटर्नोंनी ४०९ वा सामना जिंकला. त्या दिवशी सँडस्की त्याच स्टेडियममध्ये पाहुणा म्हणून बसला होता. पुढच्या शनिवारी त्याला अटक झाली. जून २०१२ मध्ये ४८ पैकी ४५ आरोप सिद्ध झाले, शिक्षा ३० ते ६० वर्षं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ उघडली तेव्हा विद्यापीठाला तिशीहून अधिक पीडितांना मिळून दहा कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यावी लागली. केंद्रीय शिक्षण खात्याचा चोवीस लाखांच्या आसपासचा दंड वेगळा.

खेळाडूंच्या शिक्षेबद्दल तुम्ही म्हणता ते मला पटतं. एनसीएए या अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेने स्वतः चौकशी न करता फ्री अहवालावर विसंबून सहा कोटी डॉलर दंड केला, हंगामाअखेरच्या ‘बोल’ सामन्यांवर चार वर्षांची बंदी घातली, शिष्यवृत्त्या कमी केल्या आणि ११२ विजय पुसले. ते विजय जानेवारी २०१५ मध्ये परतही आले. विजय पुसून कुठल्या मुलाला काय मिळालं ते मला आजतागायत समजलेलं नाही. त्यापेक्षा कर्ली, शुल्ट्झ आणि स्पॅनियर तुरुंगात गेले, काही महिन्यांसाठी का होईना, ते मला महत्त्वाचं वाटतं. स्पॅनियर यांचं अपील २०२० पर्यंत चाललं आणि त्यांनी शिक्षा भोगली २०२१ मध्ये. नुसत्या दंडाचं काय, तो संस्था भरते आणि अंदाजपत्रकात बसवते.

आणि हे एका गावापुरतं नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठात २०१४ साली तिथला डॉक्टर लॅरी नासर याच्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार आली तेव्हा ‘हे वैद्यकीय उपचार आहेत का’ असं ज्या डॉक्टरांना विचारलं ते सगळे त्याच विद्यापीठाशी जोडलेले होते. नासर सुटला. चार वर्षांनी विद्यापीठाने पन्नास कोटी डॉलरची तडजोड केली.

९ नोव्हेंबर २०११ च्या रात्री पॅटर्नोंना फोनवरून काढल्याचं कळलं तेव्हा तुम्ही त्या गर्दीत होतात असं लिहिलंत. वृत्तवाहिनीची गाडी उलटवली गेली ती तुमच्या डोळ्यांसमोर. दोनच दिवसांनी हजारो विद्यार्थी त्या मुलांसाठी मेणबत्त्या घेऊन उभे राहिले, तेव्हाही तुम्ही होतात. ज्याच्यावर जीव लावला त्याच्याबद्दल हे ऐकणं किती अवघड असतं याची मला थोडी कल्पना आहे. आमच्या कार्यालयातही असे एक सर होते, ज्यांच्या पायाला मी दर गुरुपौर्णिमेला हात लावायची. पुढचं इथे लिहीत नाही.

मूळ लेखात २००२ चं २००१ केलं आहे. ‘कट’ हा शब्द काढला आहे. ‘दडपलं’ हा शब्द मात्र तसाच ठेवला आहे.