एकशे चौसष्ट फूट

आमचा हॉल १६ बाय १२ चा. त्यात २ बाय २ च्या ४८ टाइल्स बसल्या आहेत आणि त्यांच्यामधल्या जॉइंटची लांबी भरते १६४ फूट. हा हिशेब मी गुडघ्यांवर केला आहे.

घर बांधलं तेव्हा टाइल्स पसंत करायला आम्ही दोघं गेलो होतो. हिचं म्हणणं, "जरा मातकट घ्या. आपल्याकडं काळी माती." मी म्हणालो, घरात पाऊल टाकलं की उजेड वाटला पाहिजे. हस्तिदंती रंगाची, तोंड दिसेल अशी व्हिट्रिफाइड घेतली. दुकानदार म्हणाला, "साहेब, ही पाणी पीत नाही. अर्ध्या टक्क्याच्या आत." तो खोटं बोलला नाही. टाइल पीत नाही, तिच्या वाटचंही जॉइंट पितो. पुढं मिस्तरीनं विचारलं, ग्राउट, म्हणजे जॉइंटमध्ये भरायचं सिमेंट, कोणत्या रंगाचं भरू? हिला न विचारता मी आयुष्यात जे दोन-चार निर्णय घेतले, त्यातला हा एक. म्हणालो, "पांढरं."

आजीच्या माळवदाच्या घरात जॉइंट नावाची गोष्टच नव्हती. शेणानं सारवायचं, वाळलं की झालं. वडिलांनी मग शहाबादी बसवली. जॉइंट करंगळीएवढा जाड, सिमेंटनं भरलेला आणि फरशीच्याच रंगाचा. तो काळा आहे की गोरा, हे तीस वर्षांत कुणी वाकून पाहिलं नाही. वाकून पाहायची पाळी आणली ती माझ्या उजेडानं.

तर, पुतणीला बघायला पाहुणे येणार होते, आमच्याच घरी. आठ दिवस आधी ही म्हणाली, "अहो, जॉइंट बघा जरा."

"पोरगी बघायला येणारेत, जॉइंट नाही."

"मुलाची आत्या येणार आहे."

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. रविवारी सकाळी जुना टूथब्रश घेऊन मी दारापासून सुरुवात केली. दहा मिनिटांत दोन फूट झाले. म्हणजे १६४ फुटांना १३ तास ४० मिनिटं, चहा आणि कंबर न धरता.

मग मी मोबाइल उघडला. मोबाइलवर एक बाई हसत हसत खाण्याचा सोडा पसरतात, त्यावर व्हिनेगर ओततात, फेस येतो आणि पुढच्या क्षणी फरशी दुधासारखी. मी तसंच केलं. फेस असा आला की मला भरून आलं. नेमका त्याच वेळी माझा भाचा खोलीतून बाहेर आला. हा उदगीरचा, बारावीला, डॉक्टरकीच्या नीट परीक्षेसाठी आमच्याकडं राहतो. लातुरात निम्म्या घरांत असा एक भाचा असतोच.

"मामा, सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना मारून मोकळे झाले. खाली उरलं मीठ आणि पाणी."

"आणि हा फेस?"

"कार्बन डायऑक्साइड. सोडा नुसताच ओला करून घासला असता तर काहीतरी निघालं असतं. चार मार्क गेले, वर एक मायनस." आणि तो दाराची कडी लावून पुन्हा अभ्यासाला बसला.

फरशी पुसायला येणाऱ्या मावशी हे सगळं पदर तोंडाला लावून बघत होत्या. म्हणाल्या, "दादा, कितीबी घासा. पर पानी कोन्तं वापरायलाव ते बगा की."

आमच्या घरात यावर जराही बोट ठेवायची सोय नव्हती. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, तेव्हापासून आम्ही थेंबाला जागतो. स्वयंपाकघरातल्या आरओतून जे पाणी वाया जातं, त्याच्या नळीखाली आम्ही बादली ठेवतो आणि त्याच पाण्यानं फरशी पुसून घेतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बादली मी कौतुकानं दाखवतोसुद्धा. मावशींनी त्या बादलीत बोट बुडवलं, काळ्या ओट्यावर एक थेंब ठेवला आणि फरशी पुसायला लागल्या. थोड्या वेळानं तो वाळला. मागं पांढरी कड राहिली, रांगोळीनं काढावी तशी गोल.

बोअरचं पाणी मुळात जड. आरओ त्यातलं चांगलं पाणी काढून आपल्याला पाजतो आणि क्षार उरलेल्या पाण्यात घट्ट करून नळीतून सोडतो. ते पाणी फरशीवर वाळलं की क्षार तिथंच राहतात आणि धूळ धरतात. म्हणजे एवढी वर्षं मी रोज फरशीला मिठाचा हात फिरवून घेत होतो, आणि वर त्याचं कौतुक!

मावशींनी दुसरी गोष्टही सांगून टाकली. एका बादलीत हॉल, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. शेवटच्या खोलीपर्यंत पाण्याचा चहा होतो. टाइल गुळगुळीत, ती फडक्याला सुटते. जॉइंट खोलगट, तो सगळा चहा त्याच्यात उतरतो. दर खोलीला पाणी बदलायला पाहिजे, असं त्या म्हणाल्या. खरं आहे. पण लातुरात हे चारचौघांत बोलायची माझी हिंमत नाही.

एवढं कळूनही माणूस शहाणा होत नाही. हातगाडीवर फिनेलच्या शेजारी बिनलेबलची एक बाटली मिळते. ती मी आणली. हॉलला हात लावायच्या आधी न्हाणीत प्रयोग केला. जॉइंटवर ओतताच चर्र आवाज, फेस, आणि काळा थर गायब! मी ओरडलो, "निघतंय! निघतंय!"

भाचा आला. नाकाला रुमाल लावून वाकला. "मामा, निघत नाही, संपतंय. ग्राउट सिमेंटचं आहे. ॲसिड मळ खात नाही, सिमेंट खातं." मी बोट फिरवलं. पांढरा रवा बोटाला लागला. घाबरून बाटली मागं धुण्याच्या ओट्यावर नेली, तर तिथं कलंडली. ओटा वडिलांच्या शहाबादीचा. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, तो तर भज्यासारखा तळला गेला. अजून तिथं नकाशासारखा एक पांढरट चट्टा आहे. फेस मारायला म्हणून मी ब्लीचिंग पावडरचा डबा उचलला, तेव्हा मात्र भाच्यानं मनगटच धरलं. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. हा प्रश्न येतोच म्हणे. त्यादिवशी त्यानं पहिल्यांदा मार्क कापले नाहीत, नुसतं पाहिलं.

पाहुणे आले. हिनं आदल्या रात्रीच हॉलभर सतरंजी अंथरली होती, वर गाद्या, वर पांढऱ्या चादरी. १६४ फुटांपैकी एक इंचही कुणाला दिसला नाही. सुशीला, म्हणजे चुरमुऱ्यांचे पोहे, छान झाले, पुतणी पसंत पडली. फक्त आत्याबाई हात धुवायला न्हाणीत गेल्या आणि बाहेर येऊन हिला हळूच म्हणाल्या, "टाइल हलायलीय बगा एक, पाय जपून."

पुढच्या आठवड्यात मिस्तरी आला. खिळ्यानं जॉइंट टोकरून पाहिला आणि म्हणाला, जुनं उकरून नवं भरावं लागतंय. साध्यापेक्षा एपॉक्सी भरा, महाग पडतं, पर पानी पीत न्हाई. मी बोलणार होतो, पण त्यानं शेडकार्ड थेट हिच्याच हातात दिलं.

हिनं ते उघडलंच नाही. उठली, हॉलमध्ये दारापासून दोन फूट चालत गेली, म्हणजे त्या रविवारी माझा टूथब्रश जिथं थांबला होता तिथपर्यंत, आणि त्याच्या पुढच्या जॉइंटवर पायाचा अंगठा ठेवला.

"हा रंग मिळेल?"

मिस्तरी वाकला. कार्डाची दोन पानं उलटली.

"मिळतो की, ताई. आपल्याकडं ह्योच लई जातो."