उशा किती लागतात?

बेळगावला फोन केला की दहा मिनिटांत दादाचं बोलणं सीमेवर येतं. दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नड सक्तीचं करणारा 2024 चा कायदा. सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून पडून असलेला दावा. महाराष्ट्राने 865 सीमागावांना 2023 मध्ये लागू केलेली महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि तिला कर्नाटकातून झालेला विरोध. मी बेळगावजवळच्या उचगावात वाढले, आता चौदा वर्षं बर्मिंगहॅमला आहे, आणि यातलं काहीच मला क्षुल्लक वाटत नाही. पाटी आपल्या भाषेत असावी, ही मागणी माझीही आहे. पण या सगळ्या वादात एका कागदाचं नाव कधी निघत नाही. तो कागद आमच्या वहिनीच्या पिशवीत होता.

वहिनी महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली. आमच्याकडे सोयरीक जमवताना राज्य कुठलं हे कुणी विचारत नाही. दिवस गेल्यावर तिचं नाव आमच्या गावात नोंदवलं, म्हणून कर्नाटकचं तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या तपासण्यांच्या नोंदीचं कार्ड मिळालं, कन्नडमधलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरून ती चंदगडला गेली. तिथल्या सिस्टरला कार्डावरचे आकडे कळले, शेरे कळले नाहीत. वहिनीला कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं, ते कुठून यावं? ती महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेली.

शेवटच्या महिन्यात पाय सुजले. दिवस भरत आले की सुजतातच, असं सगळ्याजणी म्हणाल्या. बाळंतपण नीट झालं. पाचव्या आठवड्यात तिला आडवं झोपता येईना. आधी दोन उशा, मग तीन, मग भिंतीला टेकून बसून रात्र काढायची. बाळ रात्रभर जागवतंय, पोर थकलीय, असं तिच्या आईला वाटायचं. दोन आठवडे असेच गेले. दादा बाळाला बघायला गेला आणि त्याने मला तिथूनच फोन केला, "हिला आडवं पडलं की धाप लागूलालीय गं."

दुसऱ्या दिवशी तिला बेळगावला आणलं. इको काढल्यावर कळलं की हृदयाचा स्नायू अशक्त झालाय. हा आजार गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत कधीही होऊ शकतो, आणि आधी हृदयाची कसलीच तक्रार नसलेल्या बाईलाही होतो. वहिनी वाचली. गोळ्या चालू आहेत, आणि पुढचं मूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको असं बजावून सांगितलंय.

कार्ड मराठीत असतं तर आजार टळला असता असं मी म्हणत नाही. पण धोक्याच्या खुणा तिला तिच्या भाषेत कळल्या असत्या, तर ते दोन आठवडे वाचले असते.

मला स्वतःला हे बर्मिंगहॅममध्ये कळलं. पहिल्याच तपासणीला दाईने, म्हणजे इथल्या मिडवाइफने विचारलं की घरी कोणती भाषा बोलता, दुभाषी हवा का. मी नको म्हटलं. प्रत्येक भेटीला रक्तदाब आणि लघवी तपासली जायची. सातव्या महिन्यात मी जिना चढताना दम लागतो म्हटलं, तर तिने पेन खाली ठेवून समजावलं. पोटात बाळ असताना अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं आणि हृदयाला तेवढं जास्त काम पडतं. म्हणून जिन्यावर थोडा दम लागणं ठीक. पण बसल्या जागी धाप लागली, रात्री गुदमरून जाग आली, आडवं पडवेना, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलीस, तर सकाळची वाट बघायची नाही. पाच मिनिटांचं बोलणं होतं. वहिनीशी कुणी पाच मिनिटं असं बोललं नव्हतं.

इथे सगळं छान आहे असंही नाही. या देशात 1952 पासून मातामृत्यूंची देशपातळीवर चौकशी होते, तरी हृदयविकार हे आजही मृत्यूच्या आघाडीच्या कारणांत आहे, आणि गोऱ्या बायकांपेक्षा आशियाई बायकांना धोका जास्त आहे. पण मृत्यू का झाला हे लिहून काढतात आणि पुढच्या बाईला सांगतात.

आपल्याकडे सांगण्यासारखं आणखी एक आहे. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे धरतात, आणि हृदयाची झडप खराब होऊन जाते. मुलगी शेतात राबते, काही जाणवत नाही. पोटात बाळ वाढू लागलं की ती झडप तग धरत नाही. म्हणून पहिल्या तपासणीलाच विचारायला हवं, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? याचं उत्तर माहेरच्या माणसांकडे असतं आणि कार्ड सासरी भरलं जातं.

रक्तदाबाचंही तसंच. 140/90 च्या वर गेला की काळजी, एवढं आता पुष्कळजणींना ठाऊक आहे. पण गरोदरपणात ज्यांचा रक्तदाब वाढून त्रास झाला, त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो, हे किती सासवांना माहीत आहे? बाळ झालं, आता बरी झाली म्हणून फाईल कपाटात जाते. बाळंतिणीचे कान बांधतो, शेक-शेगडी करतो, डिंकाचे लाडू देतो. सव्वा महिना तिच्या उशाशी कुणीतरी असतंच. त्याच माणसाला हे शिकवायचं आहे.

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या बायका एका मोठ्या अभ्यासात होत्या. पहिलटकरणींना कमी मात्रेची अॅस्पिरिन दिली तर वेळेआधीची बाळंतपणं कमी होतात का, हे सहा देशांतल्या जवळपास 12 हजार जणींवर तपासलं गेलं. त्यात बेळगावचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय होतं, आणि ती कमी होतात हा निष्कर्ष 2020 मध्ये छापून आला. (गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच घ्यायची.) जगाला उपयोगी पडेल असं काम जिथे होतं, तिथल्या बाईला स्वतःचं कार्ड वाचता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं.

माझी मागणी साधी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात तायी कार्डाबरोबर धोक्याच्या खुणांचं एक पान मराठीत द्या, आणि चंदगड, गडहिंग्लजकडे कन्नड घरातल्या बाईला कन्नडमध्ये. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते. रांगेत बसल्या बसल्या ते पान वाचून दाखवता येईल. आमच्या गल्लीत येणारी आशाताई कन्नड घरातली आहे, मराठी आमच्याइतकंच बोलते. भाषेवरून तिचं आणि आमचं कधी वाजलं नाही. तिच्या हातात असं पानच नाही.

मार्चमध्ये घरी गेले होते. शेजारी डोहाळजेवण होतं. वहिनीने त्या मुलीची ओटी भरली आणि तिच्या कानाशी वाकून विचारलं, "रात्री उशा किती लागतात गं?"

"आता तीन," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात एक पुरायची."

वहिनीने ताट खाली ठेवलं आणि तिच्या नवऱ्याला गाडी काढायला सांगितलं.