ग्रँटचा गुलाम, लीची ‘उदारता’ आणि एक खोटी तुलना

अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत झालेल्या यादवी युद्धातल्या (१८६१–६५) दोन सेनापतींबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं शेअर होतो आहे. दक्षिणेच्या रॉबर्ट ई. लीला गुलामगिरीचा तिटकारा होता, त्याने युद्धाआधीच आपले गुलाम सोडून दिले. उत्तरेच्या युलिसिस ग्रँटने मात्र देशभरातली गुलामगिरी रद्द करणारी १८६५ची तेरावी घटनादुरुस्ती होईपर्यंत आपले गुलाम ठेवले आणि विचारल्यावर ‘हल्ली कामाला चांगली माणसं मिळत नाहीत’ असं उत्तर दिलं. म्हणजे, युद्ध गुलामगिरीवरून झालंच नव्हतं!

हे वाचून मला राग येतो, आणि तो मराठी वाचक म्हणूनही येतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या वेळी अमेरिकेचा अध्यक्ष होता हाच ग्रँट.

आधी ग्रँटचं पाहू. त्याचा बाप गुलामगिरीविरोधी होता, सासरा फ्रेडरिक डेंट मात्र मिसुरी राज्यातला गुलामांचा मालक. १८५४ मध्ये लष्कर सोडल्यावर ग्रँट सेंट लुईसजवळ सासऱ्याच्या जमिनीवर शेती करू लागला, आणि तिथे गुलामांच्या श्रमाचा फायदा त्याने घेतला. ते झाकायचं कारण नाही. विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम त्याने डेंटकडून घेतला होता. २९ मार्च १८५९ रोजी सेंट लुईसच्या न्यायालयात कागद करून त्याने जोन्सला मुक्त केलं. तेव्हा ग्रँटची अवस्था काय होती? शेती बुडाली होती. १८५७च्या नाताळात त्याने सोन्याचं घड्याळ २२ डॉलरला गहाण टाकलं होतं. पस्तिशीतला धडधाकट माणूस विकला असता तर त्याची बरीच देणी फिटली असती. त्याने विकला नाही.

बायकोच्या दिमतीला असलेले गुलाम डेंटच्या घरचे होते आणि कायद्याने त्यांची मालकी बहुधा डेंटकडेच राहिली. ते धरले तरी तेराव्या दुरुस्तीपर्यंतची गोष्ट टिकत नाही: मिसुरीने जानेवारी १८६५ मध्येच गुलामगिरी रद्द केली, दुरुस्ती मंजूर झाली त्याच वर्षीच्या डिसेंबरात. ‘चांगली माणसं मिळत नाहीत’ या वाक्याला तर त्या काळातला कसलाच आधार नाही.

आता ली. व्हर्जिनियातल्या अर्लिंग्टन या इस्टेटीवरचे गुलाम त्याच्या सासऱ्याचे, जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिसचे. तो ऑक्टोबर १८५७ मध्ये वारला. पाच वर्षांच्या आत सगळ्यांना मुक्त करावं, असं मृत्युपत्रात होतं आणि ते अमलात आणायची जबाबदारी लीवर होती. म्हातारा गेला की आपण सुटणार, असं त्या माणसांना वाटत होतं. लीने त्यांना सोडलं नाही. इस्टेटीवरचं कर्ज फेडायला कामाला जुंपलं, कित्येकांना दूर भाड्याने पाठवलं, मुदत वाढवून मिळावी म्हणून न्यायालयातही गेला.

१८५९ मध्ये वेस्ली नॉरिस, त्याची बहीण मेरी आणि एक चुलतभाऊ पळाले आणि मेरीलँडमध्ये पकडले गेले. नॉरिसने १८६६ मध्ये सांगितलं, की दोघा पुरुषांना पन्नास-पन्नास आणि मेरीला वीस फटके मारायला लीने सांगितलं, जोरात मारा असं बजावलं आणि नंतर पाठीवर मिठाचं पाणी ओतायला लावलं. असंच वर्णन १८५९ मध्येच न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’मध्ये निनावी पत्रांतून आलं होतं. आपण त्याला उत्तर देणार नाही, असं लीने मुलाला कळवलं. अर्लिंग्टनच्या गुलामांच्या मुक्तीच्या कागदावर लीची सही झाली डिसेंबर १८६२च्या अखेरीस. ‘युद्धाआधी’ कुठलं! युद्ध सुरू होऊन दीड वर्ष उलटलं होतं, मृत्युपत्राची मुदतही संपून गेली होती.

लीचं १८५६चं पत्र हटकून दाखवलं जातं, कारण गुलामगिरी हे नैतिक आणि राजकीय पाप आहे असं त्यात आहे. पुढच्या ओळी कापलेल्या असतात. त्यांत तो म्हणतो की हे पाप काळ्यांपेक्षा गोऱ्यांना जास्त बाधतं, काळे लोक आफ्रिकेपेक्षा इथे कितीतरी सुखात आहेत, आणि ही वेदनादायक शिस्त त्यांच्या शिक्षणासाठी गरजेची आहे.

राहिलं युद्धाचं कारण. दक्षिणेने ते स्वतःच लिहून ठेवलं आहे. जानेवारी १८६१ मध्ये अमेरिकेतून फुटून निघताना दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याने जाहीर केलं, की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे एकरूप आहे.

आणि या प्रश्नावर दोघे सेनापती एकदा पत्रांतून थेट समोरासमोर आले होते. ऑक्टोबर १८६४ मध्ये लीने कैद्यांची अदलाबदल सुचवली. उत्तरेच्या सैन्यातले काळे सैनिकही त्यात धरणार का, असं ग्रँटने विचारलं. आमच्या नागरिकांच्या मालकीचे निग्रो अदलाबदलीत येत नाहीत, असं लीने कळवलं. सैन्यात घेतलेल्या प्रत्येकाला सैनिकाचे हक्क मिळवून देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असं लिहून ग्रँटने ती अदलाबदल नाकारली.