रेषा कुठंही मारा म्हणणाऱ्यांसाठी

सातारा-सांगलीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘मतदारसंघाच्या हद्दीवरून रडू नका. लोकसंख्या सारखी ठेवली की झालं. मतदार तेच, मग निकालही तोच. शिवाय हद्द आयोग ठरवतो, पुढारी नव्हे.’

मतदार तेच म्हणून निकाल तोच? वही घ्या. गावात 300 मतदार, शंभर-शंभराचे तीन वॉर्ड. वरच्या आळीचे 120, खालच्या आळीचे 180. तिन्ही वॉर्डांत 40-60 अशी वाटणी झाली, तर तिन्ही जागा खालच्या आळीच्या. आता रेषा सरकवा. दोन वॉर्डांत वरची आळी 55, खालची 45. उरलेल्या वॉर्डात 10 आणि 90. वरच्या आळीला दोन जागा, म्हणजे बहुमत! मत एकाचंही फिरलं नाही, वॉर्डही शंभराचेच. आपल्याकडं बांध हातभर सरकला तरी भाऊबंदकी कोर्टात जाते. इथं अख्खी सत्ता सरकली.

‘लोकसंख्या सारखी’ हेही अर्धंच. आजच्या लोकसभा-विधानसभेच्या हद्दी 2001 च्या जनगणनेवरच्या आहेत, 2009 ला त्यांवर पहिलं मतदान झालं. माणसं हलली, रेषा तिथंच.

त्याच फेररचनेत कराड लोकसभा मतदारसंघ पुसला गेला. फलटण आणि माण सातारा जिल्ह्यात, पण खासदार माढ्याचा. त्या मतदारसंघात सहापैकी चार विधानसभा सोलापूरच्या. इस्लामपूर-शिराळ्याची तीच गत: जिल्हा सांगली, मतदारसंघ हातकणंगले, आणि सहातल्या चार कोल्हापूरच्या. कामाला कलेक्टर एका जिल्ह्याचा, खासदाराची मोट दुसऱ्या जिल्ह्याची. 2019 ला फलटणचाच माणूस माढ्यातून निवडून आला, हे खरं. पण त्यालाही करमाळ्यापर्यंतची मतं गोळा करावी लागलीच की.

आयोगाचा मुद्दा लोकसभा-विधानसभेपुरता बराचसा मान्य. ही फेररचना करणाऱ्या 2002 च्या परिसीमन (हद्द ठरवणाऱ्या) आयोगाचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते, सोबतच्या खासदार-आमदारांना मताचा अधिकार नव्हता. पण झेडपीचे गट, पंचायत समितीचे गण, पालिकेचे प्रभाग? तिथं रचनेचे अधिकार 2022 च्या कायद्यानं राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडं गेले. सत्तेत जो, पेन्सिल त्याच्या टेबलावर. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसावं, किंवा चांगलंच ठाऊक असावं.

गट-गण-प्रभागांच्या रचनेचं प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा, जाहीर झालं की त्यात हद्दीचं वर्णन असतं: अमुक ओढा, तमुक रस्ता. आपली आळी ओढ्याच्या अलीकडं धरलीय की पलीकडं, ते हरकतीची मुदत संपायच्या आत बघून या.